वेल्सच्या वॉर्डातला शारजाचा मुद्रक

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा, असं सांगताना संपादकबाईंनी दोन अटी घातल्या. वाळवंटातल्या सूर्यास्ताबद्दल लिहायचं नाही, आणि विमानातून उतरलो तेव्हा खिशात काय होतं ते सांगायचं नाही. दोन्ही अटी रास्त आहेत, कारण गेल्या दहा अंकांत सगळ्यांचे खिसे रिकामे होते आणि सूर्य रोज मावळत होता. म्हणून मी वेल्समधल्या एका वॉर्डाच्या कौन्सिल निवडणुकीबद्दल लिहितो. शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या छापखान्यात बावीस वर्षं प्रुफं तपासणाऱ्या माणसाचा वेल्सच्या निवडणुकीशी संबंध काय, असं तुम्ही विचाराल. हाच प्रश्न वेल्समधल्या लोकांनाही पडला आणि तिथूनच सगळा घोटाळा सुरू झाला.

आधी धंदा कसा चालतो ते सांगतो. ब्रिटनमध्ये आमचा एक एजंट होता. त्याची छानशी वेबसाइट होती, तिच्यावर लाकडी टेबल, कॉफीचा मग आणि 'तुमचा स्थानिक छापखाना' असं वाक्य होतं. छापखाना सोडून बाकी सगळं त्याच्याकडे होतं. ऑर्डर आली की फाइल आमच्याकडे यायची. आम्ही मजकूर लावायचो, छापायचो, कापायचो, घड्या घालायचो आणि खोके शारजा विमानतळावरून रवाना करायचो. हॉटेलांची मेनू कार्डं, लग्नपत्रिका, कॅलेंडरं हे नेहमीचं काम. कौन्सिलच्या निवडणुका आल्या की उमेदवारांची पत्रकं यायची. कौन्सिल म्हणजे आपली नगरपालिका समजा आणि कौन्सिलर म्हणजे नगरसेवक. फरक एवढाच की तिकडचा वॉर्ड शारजातल्या आमच्या दोन बिल्डिंगांत मावला असता.

वॉर्डाचं नाव मी सांगणार नाही. एक तर ते गुपित आहे, आणि दुसरं म्हणजे ते मला अजून उच्चारता येत नाही. पत्रक एका बाजूला वेल्श आणि एका बाजूला इंग्रजी. वेल्शचं एक अक्षर मला कळत नव्हतं, तरी मी ते प्रूफ अक्षरावर बोट ठेवून वाचायचो. माझ्या मते प्रूफ वाचायला भाषा न येणं फार सोयीचं असतं. उमेदवाराच्या आश्वासनांत लक्ष गुंतत नाही.

शारजाला येण्याआधी मी सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावी छापखान्यात होतो. तिथे नगरपालिकेच्या पत्रकावर उमेदवार हात जोडून उभा असायचा, कपाळावर टिळा, डोळ्यांवर गॉगल, आणि वरच्या पट्टीत तीस नेत्यांचे गोल फोटो. वेल्सचा उमेदवार रस्त्यातल्या खड्ड्याशेजारी उभा राहून खाली बोट दाखवतो आणि घरात कुणी गेल्यासारखा चेहरा करतो. आपल्याकडे उमेदवार खड्डा लपवतो, तिकडे त्याच्याबरोबर फोटो काढतो. एकाने तर पाच वेगवेगळ्या खड्ड्यांबरोबरचे फोटो पाठवले होते. आमचे मशीनमन इक्बालभाई ते बघून म्हणाले होते, ह्या माणसाला मतं कशाला देता, फावडं द्या. इक्बालभाई रत्नागिरीचे. ऑफसेट मशीनवर तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांच्या मते जगातले सगळे उमेदवार निळी शाई जास्त मागतात आणि शेवटी काळेच येतात.

एका उमेदवाराला फोटोतला पाऊस काढून हवा होता. आम्ही काढला आणि आभाळ जरा उजळ केलं. इथल्या माणसाने उजळ केलेलं आभाळ ते. दुसऱ्या दिवशी त्याची तक्रार आली, की एवढं ऊन आमच्या गावात कुणी पाहिलेलं नाही, लोक मला खोटारडा म्हणतील. मग आम्ही अर्धा पाऊस परत घातला. निवडणुकीच्या प्रचारात इतका प्रामाणिक माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

आता मूळ गोष्टीकडे येतो. त्या वॉर्डातले कौन्सिलरसाहेब आधीच्या सगळ्या वेळी बिनविरोध निवडून आले होते. कुणी उभंच राहत नसे. त्यामुळे साहेबांना आपण लोकप्रिय आहोत असं वाटू लागलं होतं. त्या वर्षी त्यांच्याविरुद्ध एक बाई उभ्या राहिल्या. त्यांना मी इथे मेगनबाई म्हणतो. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या, पक्ष नाही, पाठीशी कुणी नाही. दोघांनीही पत्रकं त्याच वेबसाइटवर मागवली, कारण दोघांनाही स्थानिक छापखान्याला काम द्यायचं होतं. साहेबांचं पत्रक आधी आलं. आमच्या डीटीपीवरच्या शिबूने ते लावलं आणि छापून गेलंसुद्धा. मग शिबू बहिणीच्या लग्नाला केरळला गेला आणि मेगनबाईंची फाइल माझ्या टेबलावर आली.

त्या पत्रकात खड्डा नव्हता. मेगनबाई एका बसथांब्यावर नवऱ्याशेजारी बसलेल्या होत्या. मजकुरात एकच मागणी होती. डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलला जाणारी बस कौन्सिल बंद करणार आहे, ती चालू राहिली पाहिजे. नवऱ्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला त्याच बसने न्यावं लागतं, मला गाडी चालवता येत नाही, आणि आमच्या गल्लीत अशी अजून घरं आहेत. कौन्सिलरसाहेबांनी बस बंद करायच्या बाजूने हात वर केला होता. मी निवडून आले तर हात खाली ठेवीन, एवढंच बाईंचं आश्वासन होतं. शेवटी लिहिलं होतं, आपलं काम आपल्या गावातल्या माणसाला, आपला पैसा आपल्या गावातल्या दुकानाला.

हे वाक्य मी वाचलं तेव्हा मशीनवर इंडोनेशियाचा कागद चढत होता. मशीन जपानी, तेही सेकंडहँड. शाई जर्मन. चालवणारा रत्नागिरीचा, तपासणारा सांगलीचा, घड्या घालणारे नेपाळी.

पत्रकाच्या तळाशी एक बारीक ओळ असते, मुद्रकाचं नाव आणि पत्ता. शिबू तिथे डोळे मिटून एजंटचा ब्रिटनमधला पत्ता चिकटवायचा. मला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायला हरकत नाही, पण ते खोटं होईल. ठाऊक होतं. फक्त ते माझ्या हातून कधी झालं नव्हतं. मेगनबाईंच्या फाइलमध्ये ती जागा कोरी होती. सोबत उमेदवारांसाठीची नियमांची प्रत जोडलेली होती. ती आजवर आमच्यापैकी कुणी उघडली नव्हती. मी उघडली. तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं, ज्याने छापलं त्याचं नाव आणि पत्ता.

हा नियम मला कुणी शिकवायची गरज नव्हती. सांगलीकडे असताना एका पत्रकावर मुद्रकाचं नाव राहून गेलं होतं, तेव्हा तहसील कचेरीच्या बाकावर मी अख्खा दिवस बसून काढला होता. नायब तहसीलदारांनी मला एवढंच सांगितलं होतं, की उद्या ह्यात कुणाची बदनामी निघाली तर आम्ही पकडायचं कुणाला. तेव्हापासून निवडणुकीचा कागद आणि मुद्रकाची ओळ ह्यांच्याबाबतीत मी सोवळं पाळत आलो.

आणि दुसरंही एक कारण होतं, तेही सांगून टाकतो. बावीस वर्षांत आमच्या छापखान्याचं नाव कुठल्याही कागदावर आलं नव्हतं. आम्ही जे छापायचो ते कायम दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने जायचं. मनात आलं, एकदा तरी कळू दे कुणी छापलं ते. मी आमच्या कंपनीचं पूर्ण नाव घातलं, पुढे हमरिया फ्री झोन, शारजा, संयुक्त अरब अमिराती, आणि सवयीने फोन नंबरही घातला. वेल्श बाजूलाही तेच घातलं. बाईंनी ऑनलाइन प्रूफ पास केलं. त्यांनी नवऱ्याचं नाव नीट आलंय का एवढंच पाहिलं असावं. तळाची ओळ जगात कुणीच वाचत नाही, ती लिहिणारा सोडून.

ह्या वेळी एका माणसाने वाचली. कौन्सिलरसाहेबांनी.

रमजानचा महिना होता. कामाचे तास कमी, इक्बालभाईंचे ओठ सुकलेले, आणि अशात एजंटचा फोन आला. शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमचे शेठ रायगडचे, मराठीत चिडायचे आणि हिंदीत माफ करायचे. त्या दिवशी सगळं मराठीतच झालं. एजंट म्हणत होता, त्याच्या ग्राहकांकडून आता विचारणा होतेय, वेबसाइटवरचं लाकडी टेबल नेमकं कुठे आहे. मी कायदा सांगितला. शेठ म्हणाले, कायदा त्यांच्या देशातला, आपल्याला काय त्याचं. मी म्हटलं, कागदही त्यांच्याच देशात जाणार आहे. त्यावर शेठनी जे म्हटलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही, मुद्रकाचं नाव घालूनसुद्धा.

दोन दिवसांनी एजंटकडून तातडीचं काम आलं. कौन्सिलरसाहेबांचं दुसरं पत्रक. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आपला पैसा आपल्या गावात' असं म्हणणाऱ्या बाईंचं पत्रक कुठे छापलंय पाहा. खाली मेगनबाईंच्या पत्रकाच्या तळाच्या ओळीचा मोठा केलेला फोटो. उंटाचं चित्रही होतं, ते मला जरा जास्त वाटलं. आणि शेवटी, माझं पत्रक मात्र ह्याच भागात छापलेलं आहे, तळाचा पत्ता वाचा.

हे पत्रक आम्ही हमरियात छापलं. मी प्रूफ वाचलं. तळाला एजंटचा ब्रिटनमधला पत्ता होता, ह्या वेळी एजंटनेच टाइप करून पाठवलेला, म्हणजे कुणाला नियम उघडायची इच्छा होऊ नये. इक्बालभाई पहिला कागद उजेडात धरून बघत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, रोजा आहे माझा. मला हे वाचून दाखवू नका." मी वाचून दाखवलं नाही. उंट बघून त्यांना कळलंच होतं.

तुम्ही म्हणाल, नाही म्हणायचं होतं. घरी जेवताना मी हे सांगितलं तेव्हा नातही तेच म्हणाली, आणि वर म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट अ फूटर. व्हाय डिडन्ट यू टेल हर?" फूटर म्हणजे आपली तळाची ओळ. वयाच्या तेराव्या वर्षी सगळं सोपं असतं. आमच्या धंद्यात एक रीत आहे, एका ग्राहकाचं काम दुसऱ्याला दाखवायचं नाही. सांगलीकडे दोन कट्टर विरोधकांची पत्रकं एकाच रात्रीत एकाच मशीनवर छापून दोघांकडून चहा घेतलेले मालक मी पाहिलेत. ती रीत चांगलीच आहे. फक्त तिच्यामागे किती लपता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

मतदानाला आठवडा राहिला असताना दुपारी ऑफिसात फोन वाजला. रिसेप्शनवरच्या मुलीने मला बोलावलं, की सर, कुणी लेडी आहे, इंग्लिश बोलतेय पण समजत नाही. पत्रकावर आमचा नंबर होता, म्हणून फोन आला होता. मेगनबाई होत्या. आवाज म्हातारा आणि शांत होता. आधी त्यांनी आम्ही खरंच आहोत का ते विचारलं. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, मला वाटलं होतं छापखाना दोन डोंगर पलीकडे असेल. मी सॉरी म्हटलं. त्या म्हणाल्या, सॉरी कशाला, छपाई छान झालीय, माझ्या नवऱ्याचा फोटो इतका चांगला आधी कधी आला नव्हता. मग त्यांनी सांगितलं, की आता दारात गेलं की लोक बसबद्दल विचारत नाहीत, उंटाबद्दल विचारतात.

शेठ केबिनमधून बाहेर येऊन माझ्यासमोर उभे राहिले होते. मशीनही थांबलं होतं.

बाई म्हणाल्या, "मला एकच सांगा. कौन्सिलरांचं पत्रक माझ्या हातात आहे. कागद तोच आहे, घडी तशीच आहे, आणि वासही तोच आहे. शाळेत तीस वर्षं मी एका पिठाचे पाव ओळखलेत. हेही तुम्हीच छापलंय ना?"

ह्या प्रश्नाचं उत्तर आमच्या धंद्यात तयार असतं. दुसऱ्या ग्राहकाबद्दल आम्ही बोलत नाही, मॅडम. हे वाक्य खरं आहे, सभ्य आहे, आणि बावीस वर्षांत मी ते कितीतरी वेळा म्हटलं होतं. पण त्या क्षणी मला दिसलं, की हे वाक्य म्हटलं की बाईंना उत्तर मिळालं. छापलं नसतं तर मी सरळ नाही म्हटलं असतं, एवढं त्यांना नक्की कळलं असतं. मग त्या दारोदार जाऊन सांगतील, उंट खलास होईल आणि लोक पुन्हा बसबद्दल बोलतील. आणि एजंट दुसरा छापखाना शोधेल. आमचं निम्मं काम त्याचं होतं. काम गेलं की माणसं जातात, आणि इथे नोकरी गेली की व्हिसा जातो. इक्बालभाईंचा धाकटा तेव्हा बारावीला होता. हे सगळं मी त्या क्षणी मोजलं असं म्हणणं मला सोयीचं आहे. खरं म्हणजे शेठ माझ्याकडे बघत होते आणि मला त्यांची भीती वाटली.

मी म्हटलं, "नो, मॅडम. नॉट अस."

मग बाई थँक यू म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी, आणि का ठेवू नये. त्यांच्या लेखी मी तळाला खरा पत्ता छापणारा माणूस होतो. शेठनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हिंदीत म्हणाले, शाबाश, चलो, काम पे लगो. म्हणजे मला माफ केलं होतं. इक्बालभाईंनी मशीन चालू केलं. त्या दिवशी इफ्तारला त्यांनी माझ्यापुढे खजुराची बशी ठेवली, पण नेहमीसारखं माझ्याशेजारी बसले नाहीत.

ईद झाली आणि त्याच आठवड्यात तिकडे मतदान झालं. मी निकाल कौन्सिलच्या वेबसाइटवर शोधून काढला. माझ्या स्वतःच्या गावच्या नगरपालिकेत कोण निवडून आलं हे मला आजही माहीत नाही, मतदान करून तर किती वर्षं झाली तेही आठवत नाही, आणि इथे मी ऑफिसच्या कंप्युटरवर एका अशा वॉर्डाची मतं बघत होतो ज्याचं नाव मला वाचता येत नाही. मतं दोनदा मोजावी लागली होती. मेगनबाई हरल्या. त्या बसमध्ये रोज जेवढी माणसं बसत असतील त्याहूनही कमी मतांनी हरल्या.

लोकशाहीचा गाडा व्यवस्थित चालू राहिला. बस तेवढी ऑगस्टमध्ये बंद झाली. कौन्सिलरसाहेबांच्या नव्या पत्रकातून मला ते कळलं. पर्यायी सेवेचा अभ्यास सुरू आहे, असं त्यात लिहिलं होतं. ते पत्रकही आम्हीच छापलं. सरकारी अभ्यास म्हणजे काय असतो हे दोन देशांत पाहिलेला माणूस असल्यामुळे मी तिथे काहीही दुरुस्ती सुचवली नाही.

सप्टेंबरात मेगनबाईंची ईमेल आली. एजंटकडे नाही, सरळ आमच्याकडे. ज्यांनी त्यांना मत दिलं असेल असं त्यांना वाटत होतं, त्या घरांसाठी आभाराची थोडीशी कार्डं हवी होती. बसथांब्यावरचा तोच फोटो वापरायला सांगितला होता. लिहिलं होतं, आता शेजारी पाळी लावून आम्हाला हॉस्पिटलला नेतात, पण गेले दोन आठवडे नवरा म्हणतो की लोकांना किती त्रास द्यायचा, आणि एखादी फेरी चुकवतो. फोटो नीट यायला हवा, कारण तो चांगला आलेला फोटो आहे. हे एवढंच लिहिलं होतं, पण आमच्या वयाच्या माणसाला त्यातलं सगळं कळतं. शेठना विचारलं. ते म्हणाले, कर, पण एजंटला कळता कामा नये. इक्बालभाई मला न विचारता कपाटातला सगळ्यात जाड कागद घेऊन आले.

ईमेलच्या शेवटी अजून एक सूचना होती. आभाराच्या कार्डावर मुद्रकाचं नाव असायलाच हवं असा नियम नाही, हे मला ठाऊक आहे. तरी तळाची ओळ तशीच ठेवा. त्या सगळ्या निवडणुकीत खरी ओळ म्हणाल तर तेवढीच होती. आणि ज्या माणसाने ती घातली, फोनवर माझ्याशी खरं बोलला तोच असावा, त्याचं नावही तिथे घाला. त्याचं नाव मला कधी विचारता आलं नाही.

मी ओळ तशीच ठेवली. हमरिया, शारजा, सगळं. तिच्यापुढे कर्सर लुकलुकत होता. माझं नाव मराठीतही लांब नाही, इंग्रजीत तर एका बोटाने टाइप होतं. शिबू मागे उभा राहून म्हणाला, काका, डालो ना, आपका नाम विलायत जाएगा.

मी नाव घातलं नाही. कार्डं तशीच गेली.